एकतिसावं झाड

प्रिय बाबा,

आज आपल्या जळालेल्या रानातली कोआलांची मोजणी संपली. ते फांद्यांत सहसा दिसत नाहीत, म्हणून आम्ही बुंध्याशी त्यांच्या लेंड्या शोधतो. मोजणीसाठी ठोकलेल्या खुंटीपासून जवळची तीस झाडं, प्रत्येकाखाली दोन मिनिटं, गुडघ्यांवर बसून. तीसही झाडांखाली नुसती राख होती. तक्त्यात तीस भोपळे मांडले.

एकतिसावं झाड घरामागच्या पाण्याच्या टाकीजवळचं, वणव्यात तू पाणी मारून वाचवलेलं, तुझं. आई अजून येईल त्याला सांगते, "माझं स्वयंपाकघर पेटलं होतं आणि हा माणूस झाडाला आंघोळ घालत होता." तू तेव्हापासून जेवताना ताटातून मान वर काढत नाहीस.

त्या झाडाखाली चौदा लेंड्या सापडल्या.

आमच्या मोजणीचा प्रमुख क्लाइव्ह म्हणाला, "तीस म्हणजे तीस, ब्रॉनविन. तुझ्या बापाचं झाड मोजणीत नाही." त्याचं बरोबर होतं, म्हणून भांडले नाही. एक लेंडी जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालून घेतली.

हे पत्र टाकणार नाही, तुझं टपाल आईच फोडते. रविवारी जेवायला येईन. ताज्या लेंडीला निलगिरीचा वास येतो, हे तूच मला शिकवलंस. बाटली आधी आईला हुंगायला देईन.

तू फक्त तेवढ्यापुरती मान वर कर.

तुझी,
ब्रॉन