सुरुवातीपासून सांगा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी ओळखपत्र मिळालं. त्यावरचा माझा फोटो पोलीस चौकीत लावतात तसा आला आहे, तरी बाबा ते घेऊन शेजाऱ्यांना दाखवून आले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. बाबा बेस्टच्या आगारात मेकॅनिक, आईची दहावी राहिली, ताईचं बारावीनंतर लग्न झालं. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले तेव्हा चाळीतल्या लोकांचा समज झाला होता की ही आता वेड्यांच्या इस्पितळात जाणार.

ऑफिस अंधेरीला, चकाल्याच्या बाजूला आहे. विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासायचं काम. मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा असा कायदा झाल्यापासून समुपदेशनाचेही दावे येतात. मला दिलेलं टेबल म्हणजे अवघड बाळंतपणातून गेलेल्या आणि आता थेरपी हवी असलेल्या बायका. हेच काम का हवं, असं आमच्या हर्षद सरांनी मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हटलं, माझ्या घरात अशी एक आहे.

ती म्हणजे आमची रेवतीताई. पहिलं बाळंतपण म्हणून दहिसरला माहेरी आली. भूल नीट चढायच्या आधीच तिला कापलं, एवढंच चैतन्य भावोजींच्या बोलण्यातून कानावर आलं. ती स्वतः एक अक्षर बोललेली नाही. बाळ रडलं की भिंतीकडे तोंड करते. दूध पाजताना तिचे हात थरथरतात, तरी पाजते, आणि पाजून झालं की बाळाच्या टाळूवर अगदी हलकेच ओठ टेकते. मी हे दारातून पाहिलंय. आई मला त्या खोलीत फार वेळ बसू देत नाही.

पहिल्या पगाराच्या आधी ताईला थेरपी सुरू करून द्यायची. भावोजींच्या ऑफिसच्या विम्यात ती बसते. मला आता आतली वाट माहीत होणार.

दिवाळीच्या उरलेल्या चकल्या आईने डब्यात दिल्या होत्या. ऑफिसात फस्त झाल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम शिकले. शिकवायला प्रेमा मॅडम आहेत, इथल्या सगळ्यात जुन्या.

दावा आला की बाईला पडताळणीचा फोन करायचा. "सुरुवातीपासून सांगा," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत सगळं तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते रेकॉर्ड होतं आणि पुढे डॉक्टरांकडे जातं. मधेच रडून फोन ठेवला, तर "माहिती अपुरी" म्हणून दावा बंद.

ही पद्धत मला क्रूर वाटली. त्याहून जास्त प्रेमा मॅडमची रीत. बाई बोलायला लागली की त्या हेडफोन काढून टेबलावर पालथा ठेवतात आणि मांडीवर डबा घेऊन मटार सोलायला घेतात. हेडफोनमधून मुंगीएवढा आवाज येत राहतो. तो थांबला की कानाला लावून "धन्यवाद, कळवतो" म्हणतात.

मी विचारलं तर म्हणाल्या, मशीन ऐकतंय ना, आपण कशाला.

मी ठरवलंय, माझ्या टेबलावर असं होणार नाही. मी प्रत्येकीचं ऐकणार. पूर्ण.

११ नोव्हेंबर, सोमवार

पहिला फोन. कांदिवलीच्या अनुपमा. सुरुवातीला वाक्य जुळेना, मग एकदम धरण फुटावं तसं आलं. दवाखान्याच्या जिन्यातच पाणी गेलं, आया ओरडली, पोटावर कोपर रोवून दाबलं, टाके घालताना दोघी नर्सा स्वतःच्या भिशीबद्दल बोलत होत्या. मी डोळे मिटून ऐकलं. अधेमधे नुसतं हं म्हणत होते.

शेवटी त्या म्हणाल्या की खूप हलकं वाटलं, अंगावरचं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखं.

याच्यासाठीच शिकले मी. घरी येताना पोटात बारीक दुखत होतं, पण तारीख जवळ आलीय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हर्षद सरांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी ज्यांचे फोन घेतले त्यातल्या बहुतेक जणी आता बऱ्या आहेत, थेरपी नको म्हणून स्वतःच दावा मागे घेतात. कंपनी खूश. पेढे वाटले. मलाही आधी आनंद झाला. नंतर बस स्टॉपवर उभी असताना वाटलं, नुसतं फोनवर बोलून इतक्या जणी बऱ्या कशा होतील?

पोट दुखायचं थांबलेलं नाही. तारीख येऊन गेली. जेवायला बसले की स्पिरिटचा वास येतो. काल रस्त्यात एक नर्स समोरून आली, तर मी धावत रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

ताईला दाव्यासाठी तयार केलं. आधी नकोच म्हणत होती. मी म्हटलं, तुझा हक्क आहे तो, भीक नाही. सही करताना म्हणाली, बाळाला जवळ घेताना मला भीती वाटू नये, एवढंच हवंय गं, बाकी काही नको.

२ डिसेंबर, सोमवार

मागे घेतलेल्या दाव्यांवर संमती घ्यायला आज जुने फोन पुन्हा लावले. आधी अनुपमा. आवाज एकदम ताजातवाना. झोप छान लागते म्हणाल्या, भूक लागते. मी बाळाची चौकशी केली.

तिकडे दार लागल्याचा आवाज आला. मग हळूच, नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून बोलते. आमच्या घरात एक बाळ आहे. कोणाचं आहे ते, सांगाल का?"

मी फोन ठेवला.

नंतर मुलुंडची माधुरी. हिचं बाळ जगलं नव्हतं. फोनवर सांगताना ती किंचाळली होती आणि मी टेबलाची कड धरून ऐकलं होतं. आज ती हसून बोलली. म्हणाली, माळ्यावर नवा कोरा पाळणा सापडलाय, सासूला विचारलं कोणी आणला, तर सासू रडायलाच लागली, काय बाई माणसं.

सगळ्याजणींना लावले. पुढचं लिहवत नाही. सगळ्याच जणी छान आहेत.

५ डिसेंबर, गुरुवार

प्रेमा मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "कान काढून ठेव म्हणून पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं ना तुला? पण तुला समाजसेवा करायची होती."

मी म्हटलं, मग सरांना सांगूया. त्या म्हणाल्या, काय सांगणार? की बायका बऱ्या होतात?

घरी आईला आडून विचारलं, तू मला ताईच्या खोलीत का बसू देत नाहीस. आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लगीन नाय झालेल्या चेडवाक बाळांतपणाचा सांगूचा नसता गो. सांगणारी मोकळी होता, आयकणारी धरून बसता. तिच्याकडे आपला कायच नसता ना, मग सगळ्यांचा ऱ्हवता." लग्न न झालेल्या मुलीला हे सांगू नये. सांगणारी मोकळी होते, ऐकणारी धरून बसते. तिच्याजवळ स्वतःचं काही नसतं, म्हणून दुसऱ्यांचं राहून जातं.

महिन्यापूर्वी मी यावर आईला व्याख्यान दिलं असतं.

९ डिसेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत कुर्ता पुढून ओला झाला. वाटलं पाणी सांडलं.

पाणी नव्हतं.

टॉयलेटमध्ये बसून राहिले. बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर मूल रडत होतं आणि ते थांबेपर्यंत दूध थांबेना. मी कोणाचं धरून बसलेय? कोपर कोणाचं, टाके कोणाचे, सगळं एकात एक मिसळलंय. मी कधी कोणाच्या जवळसुद्धा गेलेली नाही.

सरांना म्हटलं, मला फोन नकोत. ते म्हणाले, तुझ्याइतका चांगला निकाल कोणाचा नाही. सोडायचं तर सोड, पण हातातल्या केसेस संपवून.

त्यात ताईची आहे.

११ डिसेंबर, बुधवार

प्रेमा मॅडमच्या पाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, ताईचा फोन तुम्ही घ्या, आणि हेडफोन काढून ठेवा. मशीनलाच ऐकू दे. त्या हो म्हणाल्या. पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

उद्या फोन. ताईचं सगळं तिच्यापाशीच राहील. थेरपी मिळेल. बाळही तिचंच राहील.

१२ डिसेंबर, गुरुवार

दावा बंद झाला.

ताईने सांगायला सुरुवात केली होती. मधेच तिला जाणवलं की पलीकडे कोणीच नाही. हं नाही, श्वास नाही. हॅलो, हॅलो म्हणाली. शेवटी रडत फोन ठेवला. माहिती अपुरी.

मीच ठरवलं होतं असं. मीच.

१४ डिसेंबर, शनिवार

आई बाजारात, बाबा कामावर. ताई माझ्या खोलीत आली, बाळ छातीशी धरून. मी म्हटलं, मला नको सांगूस. दुसरं कोणीतरी बघू, माझ्या ओळखीने डॉक्टर बघू, पैसे मी भरते. ती तिथेच खाली बसली.

"श्वेतू, तू तरी ऐक गं. कोणी ऐकतच नाही."

मी कानावर हात ठेवले. तिचे ओठ हलताना दिसत होते. तिचा चेहरा असा होता की —

हात काढले मी. बहीण आहे ती माझी.

सगळं ऐकलं.

मग ती उठली. केस विंचरले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आई आली तेव्हा गाणं गुणगुणत होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी तिच्या हातातून सुटली.

संध्याकाळी बाळ रडलं. ताई म्हणाली, शेजारच्यांचं आहे का गं, केव्हा नेणार?

१५ डिसेंबर, रविवार

बाळ माझ्याकडे. मी पाजतेय. आई बघत नाही, पदर तोंडात धरून बसलीय.

ताईला लग्नाचे फोटो दाखवले, डोहाळजेवणाचे दाखवले. पोट पाहून हसली. उशी बांधली होती का, म्हणाली.

मला सारखं वाटतं बाळ माझंच. वाटतं, राहू दे. कोणाला सांगायला नको.

नाही. ताईचं आहे. टाळूवर ओठ टेकायची ती.

सांगितल्याने माझ्याकडे आलं. मग मी तिला परत सांगितलं तर? शब्दाला शब्द. उद्या. आई भावोजींना आणायला कांदिवलीला जाणार आहे. ते यायच्या आत —

१६ डिसेंबर, सोमवार

झालं. लिहून काढते. लिहिल्याशिवाय कुठलं कोणाचं ते वेगळं राहत नाही.

ताईला समोर बसवलं. सुरुवातीपासून सांगितलं. तिचं तिलाच. कळा, थंडगार टेबल, भूल चढायच्या आधीचं पातं, हात दाबून धरणारी नर्स. ताईचं तोंड पांढरं पडलं. मग डोळे भरले. मान हलवायला लागली. येत होतं तिला परत. माझ्या पोटातून काहीतरी सुटत होतं, मी थांबले नाही, थांबताच येईना. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत.

ती म्हणाली, हो, असंच झालं. आठवलं मला.

उठली, आणि माझ्या मांडीवरून बाळ घेतलं. स्वतःहून. हात थरथरत नव्हते. मी किती रडले. दूध थांबलंय माझं.

आता भावोजी आले की —

शेवटी काय सांगितलं मी? लिहून बघते. डॉक्टरांनी पायांना धरून उलटं केलं. पाठीवर मारलं. परत मारलं. ते रडलंच नाही. मग नर्सने त्याला धुतलं आणि पांढऱ्या फडक्यात बांधून —

ताईचं बाळ रडलं होतं. भावोजींनी बाहेरून ऐकलं होतं.

हे मुलुंडच्या माधुरीचं आहे.

माधुरीचं सांगितलं मी ताईला. आणि ताई म्हणाली हो. आठवलं. असंच झालं.

कुठं आहे ती

मोरीचं दार लावलंय. आतून कडी. नळ सोडलाय. मालिशवाली सुंदराबाई सकाळीच तर न्हाऊ घालून गेली बाळाला —

मी ठोठावलं. ताईचा आवाज शांत आहे. म्हणते, थांब गं जरा, याला धुऊन घेते. पांढरं फडकं काढून ठेव.

मी ओरडले, ताई, तो जिवंत आहे. तो रडतोय, ऐक.

ती म्हणाली, नाही गं. ते रडलंच नाही. तूच तर

दार तुटत नाही, आणि लिहायची थांबले तर मलाही तो रडलाच नाही असं वाटेल. रडतोय अजून. मला ऐकू येतंय. बादली भरत आली असेल, नळाचा आवाज बदल