भोंगा उशिरा का झाला

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकली असशील. अण्णांची तब्येत ठीक आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तू वाचणारच नाहीस. फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला. फोनवर तू मध्येच ‘म्हणजे?’ म्हणशील आणि मी गडबडेन. म्हणून लिहिते आहे. एकटी असताना वाच, आणि अर्ध्यावर सोडून मला फोन करू नकोस.

आमच्या वाचनालयात हल्ली शाळांचे वर्ग येतात, हे तुला मागे सांगितलं होतं. इतिहासाच्या बाईंना एखादा विषय हवा असला की त्या आधी माझ्याकडे येतात. मग मी जुने नकाशे, वर्तमानपत्रं, फोटो असं जे सापडेल ते खोक्यात भरून तयार ठेवते आणि मुलांना त्याच्याभोवती बसवते. पुस्तकात छापलंय म्हणून खरं मानायचं नाही; सांगणारा माणूस तेव्हा तिथे होता का, ते आधी विचारायचं, एवढंच मी त्यांना शिकवते. बाई म्हणतात, वर्षभर वर्गात घसा फोडून जे जमत नाही ते इथे तासाभरात होतं. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, जरा मिरवायचेही मी.

या वर्षी बाईंनी नववीला विषय दिला तो पुराचा. आपल्या लहानपणीचा पूर. खालच्या आळीतली माणसं गेली तो. मी खोकं भरलं. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाने जाताना आम्हाला फोटोंचा मोठा गठ्ठा दिला होता, त्यातलेही पुराचे म्हणून काढून ठेवले. नीट न बघताच ठेवले, कामाच्या गर्दीत.

त्या वर्गात एक मुलगी आहे, बाकीची पोरं तिला प्रश्नबाई म्हणतात. तिने एक फोटो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. पलीकडच्या काठावरून काढलेला, संध्याकाळचा. पाणी आळीच्या तोंडाशी नुकतं शिरलेलं आणि लोक आपापल्या दारात निवांत उभे. ती म्हणाली, “बाई, लोक अजून दारातच आहेत, म्हणजे पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झालेला नाही. पण हा खांबावरचा दिवा तर चालू आहे. मग लाईट गेली म्हणून भोंगा उशिरा वाजला, असं सगळीकडे का लिहिलंय?”

चिमे, त्या संध्याकाळी पंपघरात भोंग्यावर आपले अण्णा होते. ते त्या पोरांना माहीत नव्हतं. मला होतं. बाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या, की बघा, तुमच्या खोक्यातून काय निघालं. मी घड्याळाकडे बघून वेळ संपली म्हणाले आणि फोटो गोळा केले. तो फोटो उचलताना मनात आलंच, की हा परत खोक्यात गेला नाही तर कुणाला कळणार आहे? हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात ती पोरगी म्हणाली, “हा वर ठेवा हं, पुढच्या वेळी लगेच लागेल.” मी वर ठेवला.

अण्णांना सांगायचं की नाही, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते आरशासमोर दाढी करत होते, तेव्हा पाठीमागून बोलून टाकलं. तोंडासमोर जमलं नसतं. वस्तरा गालावरच थांबला. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, “कुणी विचारलं?” म्हटलं, नववीतल्या एका मुलीने. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं. “चौकशीच्या साहेबांनी विचारलंच नव्हतं गं. लाईट गेली असेल ना, असं तेच म्हणाले. मी हो म्हटलं. संपलं.” मग म्हणाले, “मुलं पुन्हा कधी येणार?”

बाई तेव्हा साक्षीदारांना बोलावत होत्या. पूर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी यायचं, मुलांनी विचारायचं आणि वाचनालयाने ते टेप करून ठेवायचं, अशी आमची पद्धत आहे. शिंपीकाकांनी आधीच होकार दिला होता. तुला ते आठवत असतील, आपले शाळेचे कपडे तेच शिवायचे आणि दर वर्षी बाह्या लांब ठेवायचे. काकू त्या पुरात गेल्या. काका आणि अण्णा रोज सकाळी आमच्या वाचनालयात एकाच बाकावर बसून एकच पेपर अर्धा अर्धा वाटून घेतात, इतकी वर्षं. एकमेकांशी बोलतात ते बहुतेक शब्दकोड्याबद्दलच.

मी अण्णांना म्हटलं, काका नसतील त्या दिवशी या. ते म्हणाले, “ते असतानाच येणार.”

आले. इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलं गोल करून बसली होती, काका खिडकीपाशी. मी टेप सुरू केला आणि बटणावरचं बोट उचलायचंच विसरले. प्रश्नबाईने विचारलं, “आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?” अण्णा म्हणाले, “भोंग्यापाशी नव्हतो.” आणि मग न थांबता सांगत गेले. नदी लाल खुणेला टेकली ते त्यांनी पाहिलं होतं. हात भोंग्याच्या खटक्यावर होता. पण आई कामावर, मी वरच्या शाळेत जादा तासाला, आणि तू खालच्या आळीत मावशीकडे. भोंगा झाला की सगळी आळी त्या अरुंद पुलावर येणार, मग उलट्या बाजूने आत शिरता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खटक्यावरचा हात काढला आणि ते पळत सुटले.

तुला अग्निशमनवाल्यांनी बाहेर काढलं, असं आपल्याला सांगत आलेत ना? नाही. अण्णांनी काढलं. तुला खांद्यावर टाकलं, मावशीला मागोमाग यायला सांगितलं, वरच्या रस्त्यावर तिच्या ताब्यात दिलं आणि परत पंपघर गाठून भोंगा दिला. तोवर पाणी घरांत शिरलं होतं.

एका मुलाने विचारलं, “जाताना ओरडून का नाही सांगितलं?” अण्णा म्हणाले, “ओरडलो असतो तर गर्दी झाली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा दुसरं कुणी दिसतच नव्हतं.” आणि काकांकडे वळून म्हणाले, “तुमच्या दारावरून गेलो. वहिनी उभ्या होत्या. काय हो, एवढी कसली घाई, म्हणाल्या. मी काही बोललो नाही.”

काका उठले. खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि निघून गेले. बाई रडत होत्या. मुलं एकमेकांकडेही बघेनात. प्रश्नबाई तेवढी अण्णांजवळ जाऊन “पाणी आणू?” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “धाकटी काय करते आता?” मी सांगितलं, दवाखान्यात परिचारिका आहे, दोन मुलं आहेत, धाकटा फार द्वाड आहे. ते ऐकत राहिले. “बरं,” म्हणाले. मग जाता जाता, “तुझ्या वडिलांना सांग, उद्या पेपर वाचायला येऊ नका. परवाचं बघू.” तो परवाही होऊन गेला. अण्णा अजून गेलेले नाहीत. सकाळी सदरा घालतात, चपला पायात सरकवतात आणि ओट्यावरच बसून राहतात.

आता हे पत्र का लिहिलं ते. येत्या शनिवारी मुलं पालकांसमोर पुराचा इतिहास मांडणार आहेत, आणि टेप वाचनालयात कायमचा राहणार की पुसायचा, हे बोलणाऱ्या माणसाने ठरवायचं असा आमचा नियम आहे. मी कागद पुढे केला तर अण्णांनी सही केली नाही. म्हणाले, “मी माझं बोललो. पण त्यात ती आहे. जन्मभर तिच्याकडे बघून कुणी मनात हिशेब मांडायला नको. तिला विचार. नको म्हणाली तर पुसून टाक.” बाईंनी मुलांकडून तोवर गप्प राहायचं वचन घेतलंय, आणि आश्चर्य म्हणजे ती खरंच गप्प आहेत. शाळेच्या वाटेवर प्रश्नबाई भेटते, बघते, काही विचारत नाही. मी तुला हो म्हण असं सांगणार नाही. ग्रंथपाल म्हणून माझं मत एक आहे, बहीण म्हणून दुसरं, आणि रोज दोन्ही बदलतात. फक्त एवढंच कर, उत्तर पत्राने किंवा फोनवर देऊ नकोस. शनिवारच्या आत ये. हो असो की नाही, अण्णांच्या शेजारी ओट्यावर बसून त्यांना तूच सांग. “तिला उचललं याचा मला पश्चात्ताप नाही,” असं ते त्या दिवशी घरी येताना वाटेत म्हणाले. ते टेपवर नाही. ते तुला सांगायला त्यांना धीर होत नाहीये.

तुझी वाट बघणारी,
तुझीच ताई