तेरा फुटी काठी आणि दोन वर्षांचं एक्स्टेन्शन

२ जानेवारी, शुक्रवार
३१ मार्चला रिटायर होतोय. एचआरच्या मिनल मॅडमना भेटलो. म्हणाल्या, गव्हाणे सर, दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळू शकतं, पण नियम एकच. ज्याच्या जागी दुसरा माणूस तयार नसेल त्यालाच. सही नॉर्वेच्या टॉरस्टाइन साहेबांची, आणि ते फेब्रुवारीअखेर चाकणला येणार आहेत.
माझी केस मजबूत आहे. ट्रेनिंग विभागात माझ्या जागी कोणीही तयार नाही. याची मी गेली सहा वर्षं जातीने काळजी घेतली आहे.

५ जानेवारी, सोमवार
साहेबांबरोबर व्हिडिओ कॉल. त्यांच्या मागे भिंतीवर एक लांबच लांब काठी. आपुलकी दाखवावी म्हणून विचारलं. चेहरा एकदम उजळला. म्हणाले, स्पे कास्टिंग. काठी दोन्ही हातांनी धरायची, दोर डोक्यामागे भिरकावायचा नाही, पाण्यावरूनच वळवून पुढे सोडायचा. नदीत असा गळ टाकून ते सॅमन मासा धरतात.
मी म्हणालो, मीही करतो. किती वर्षं? म्हणालो, अकरा. आकडा आपोआप आला.
साहेब म्हणाले, मग आलो की तुमच्या नदीवर जाऊ. शेजारी बसलेली पूनम माझ्याकडे बघत राहिली. पूनम माझी असिस्टंट. मुलगी हुशार आहे, पण बघत फार राहते.
सात आठवडे आहेत. गिअरबॉक्सची असेंब्ली मी नव्या पोरांना तीन दिवसांत शिकवतो. म्हणजे शिकवते पूनम, शेवटी सही मी करतो.

८ जानेवारी, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी
काठी ऑनलाइन मागवली. ती येईपर्यंत वेळ वाया घालवला नाही. यूट्यूबवर नऊ व्हिडिओ बघून चौदा पायऱ्यांची एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, तयार केली. फोटोसहित. फोटोत मी, हातात झाडू.
स्किल मॅट्रिक्सही केलं. कंपनीत भिंतीवर लावतो तेच. प्रत्येकाच्या नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग. पहिला भाग: माहिती आहे. दुसरा: देखरेखीखाली जमतं. तिसरा: एकट्याला जमतं. चौथा: दुसऱ्याला शिकवता येतं. पहिला भाग आजच भरला.
कंपनीच्या भिंतीवर पूनमचे तीन भाग भरलेले आहेत. सहा वर्षं तीनच. चौथ्याची घाई करून चालत नाही.

१२ जानेवारी, सोमवार
काठी आली. चार तुकडे, मिळून तेरा फूट. जोडली तर टोक स्वयंपाकघरात आणि मूठ हॉलमध्ये. ही फोडणी देत होती. तिने टोकाला टॉवेल वाळत घातला.

१३ जानेवारी, मंगळवार, संध्या. ६
सोसायटीच्या टेरेसवर पहिला सराव. गळ लावला नाही, दोराच्या टोकाला लाल लोकर बांधली. चौथ्या पायरीला दोर खालच्या मजल्यावरच्या सुमनताईंच्या साडीत अडकला. साडी तारेवरून निघून पाण्याच्या टाकीमागे पडली.
व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस केला. दोर साडीत का अडकला? साडी तिथे होती. का? वाळत घातली होती. का? धुतली होती. का? आज पाणी आलं होतं. का? एक दिवसाआड येतं. मूळ कारण सापडलं: पाणीपुरवठा. माझ्याकडून काही सुधारणा आवश्यक नाही.
सुमनताईंना कागद दाखवला. त्यांनी वाचला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
मागच्या गुरुवारी सर्दी होती. आज पहाटे थेरगावच्या घाटावर. पवनेत पाणी असेल असं गृहीत धरलं होतं. सगळी जलपर्णी. लोकर त्या हिरव्या गालिच्यावर जाऊन बसली आणि बसूनच राहिली. ओढली तेव्हा जलपर्णीचं एक मोठं झाड माझ्याकडे यायला निघालं. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी थांबून विचारलं, महापालिकेकडून आलात का, अजून तिकडेही आहे.
घरी आल्यावर काठीचे जोड निघेनात. रात्री दार अर्धं उघडं ठेवून झोपलो, टोक जिन्यात. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण खरंच वाकडं आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार
डांगे चौकातल्या अय्याजच्या गॅरेजमध्ये काठी नेली. माझी स्कूटर तोच बघतो. त्याने दोन्ही बाजूंना जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, हलका पीळ दिला, सुटली. मग विचारलं, सर, ये क्या चीज आहे? मी एसओपीच्या पहिल्या पाच पायऱ्या समजावल्या. तो म्हणाला, एकदा चालवून बघू द्या ना. त्याला वाटतं सगळ्याची टेस्ट राइड घेता येते.
गुरुवारी देहूला चल म्हणालो. गॅरेज दहाला उघडतं, तोपर्यंत मोकळा असतो.

२९ जानेवारी, गुरुवार
देहू. इंद्रायणीत आमच्या नशिबाने मोकळं पाणी होतं. घाटावर हार विकणाऱ्या सुभद्राबाई उठून आल्या. म्हणाल्या, भाऊ, हितं गळ टाकायचा न्हाई, आमी ह्या नदीतला मासा धरत न्हाई. मी लोकर दाखवली, गळ नाही म्हणालो. म्हणाल्या, व्हय का, मग कशापायी करताय? प्रश्न तांत्रिक नव्हता म्हणून उत्तर दिलं नाही. तरी पुलापलीकडे, गावाबाहेर गेलो.
बावीस प्रयत्न. दोर बावीस वेळा पायाशी. सातत्य चांगलं आहे. व्हेरिएशन शून्य.
मग अय्याजने काठी मागितली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्याला दोर पाण्यावरून उठला, वळला, आणि सरळ पलीकडच्या बाभळीपर्यंत गेला. आवाजसुद्धा नाही. त्याला विचारलं, कितवी पायरी केलीस? म्हणाला, पायरी माहीत नाही सर. तुम्ही जोर लावता. क्लच कसा सोडतो आपण? तसं. पाणी दोराला धरतं तेवढं धरू द्यायचं, मग सोडायचं.
हे एसओपीत नाही. नवख्याचं नशीब म्हणतात ते हेच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
नशीब आज एकवीस वेळा आलं. (त्याचं.)
मी किनाऱ्यावर उभा राहून मार्गदर्शन केलं. तो टाकायचा, त्यानंतर मी सांगायचो की असंच टाक. बरोबर टाकायचा.
घरी येऊन विचार केला. चौथा भाग म्हणजे दुसऱ्याला शिकवता येणं. ते येतं, पुरावा डांगे चौकात आहे. माझ्या गोलाचा चौथा भाग भरला. दुसरा आणि तिसरा तूर्तास रिकामे. चित्र जरा विचित्र दिसतं, पण खोटं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज वास्तव परिस्थितीत चाचणी. लोकर काढून खरा गळ लावला. वारा समोरून. गळ नदीत न जाता रस्त्याकडेला लावलेल्या, कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये गेला. नेमका नाकात. ओढल्यावर नाक आलं, फ्लेक्स राहिला. दोन कार्यकर्ते मोटरसायकल थांबवून उतरले. अय्याजने त्यांच्याशी बोलणी केली. सर कंपनीत मोठे आहेत, डोक्याने जरा थकलेत, असं काहीतरी. मी ऐकलं नाही असं ठरवलं.
एकूण अंतर मात्र अठरा मीटर. माझं सर्वोत्तम. दिशा वेगळी होती, पण अंतर ते अंतर.

१८ फेब्रुवारी, बुधवार
उजवा कोपर सुजला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हात हलवायचा नाही. क्रेप बँडेज.
ही बँडेज गुंडाळताना म्हणाली, कशाला हवीत ती दोन वर्षं? पोरगी मार्गाला लागली, घर आपलं आहे. गावाकडे जाऊन येऊ, आंब्याखाली बसू. मी म्हणालो, तिकडे धाराशिवला ऊन फार असतं.
खरं कारण इथे लिहितो. मला भीती वाटते. पस्तीस वर्षं सकाळी सहा दहाला बस येते आणि मी चढतो. ती आली आणि मी चढलो नाही, तर त्या दिवसाचं पुढे काय करायचं ते मला येत नाही. त्याची एसओपी कुणी दिलेली नाही.
उद्यापासून सकारात्मक विचार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
सकारात्मक विचार आला. ट्रेनर स्वतः काम करून दाखवत नाही. ट्रेनरचा पुरावा म्हणजे शिष्य. साहेबांपुढे अय्याज टाकेल, मी बोलेन. अय्याजला सांगितलं. म्हणाला, सर, ते विचारतील ना तुम्ही का नाही टाकत? मी बँडेज दाखवलं. तो म्हणाला, हां, मग ठीक आहे. त्याने शर्ट इस्त्री करून घालायचं कबूल केलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
यश. सविस्तर लिहितो.
पवना धरणाच्या मागच्या बाजूला गेलो. टॉरस्टाइन साहेब, मिनल मॅडम, पूनम, अय्याज, मी. साहेबांनी माझं बँडेज बघून हळहळ व्यक्त केली. स्वतःची काठी काढली, दहा-बारा वेळा टाकलं. सुंदर. मग मी म्हणालो, आता माझा विद्यार्थी.
अय्याजने चप्पल काढली, पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला. दोर उठला, वळला, गेला. साहेबांच्याही पुढे चार हात. साहेबांनी टोपी काढली. चक्क काढली.
विचारलं, हा किती वर्षं शिकतोय? मी म्हणालो, चार गुरुवार. साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणालो, चार दिवस, सर. त्याआधी काठी पाहिलीही नव्हती. गॅरेजमध्ये काम करतो. साहेबांनी बोटांवर चार मोजले. मग म्हणाले, मला शिकायला सहा वर्षं लागली. असा ट्रेनर मी आयुष्यात पाहिला नाही.
अय्याज काही बोलायला तोंड उघडत होता. मी त्याला चहा दिला.
परतताना गाडीत साहेब माझ्या शेजारी. सारखे म्हणत होते, चार दिवस. एक्स्टेन्शन झालंच म्हणायचं. हिला फोन करून सांगितलं. ती बरं म्हणाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
ट्रेनिंग विभागाचा रिव्ह्यू. साहेब भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्सपुढे थांबले. पूनमच्या गोलावर बोट ठेवून विचारलं, हा चौथा भाग रिकामा का? मी म्हणालो, तयारी चालू आहे. किती दिवस? पूनम म्हणाली, सहा वर्षं, सर. हळूच म्हणाली, पण म्हणाली.
साहेब हसले. त्यांना वाटलं मी विनम्रतेने लपवतोय. म्हणाले, जो माणूस गॅरेजमधल्या कारागिराला चार दिवसांत असा तयार करतो, त्याच्या हाताखाली सहा वर्षं काढलेली बाई अर्धवट कशी राहील? मग तिला गिअरबॉक्सच्या लाइनवर नेलं, तीन प्रश्न विचारले. तिने पाच उत्तरं दिली. परत येऊन साहेबांनी मार्कर उचलला आणि तो भाग स्वतः भरला. थोडा रंग रेषेबाहेर गेला. मी कधीच जाऊ दिला नसता.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मी, कारण साहेब माझ्याकडेच बघत होते.
मग माझा डावा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, गव्हाणे, तुम्ही तुमचं काम पूर्ण केलंत. आता निवांत नदीवर जा. मिनल मॅडमनी फाइलवर लिहिलं: जागी माणूस तयार आहे. त्या मनापासून खूश दिसल्या. म्हणाल्या, सर, इतकं नीट सक्सेशन कुठल्याच विभागात झालेलं नाही.
पूनम नंतर केबिनमध्ये आली. थँक्यू म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हणालो, माझ्या मनात होतंच.
वाईट वाटतंय. एवढंच.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अपील करायचं ठरवलं. मुद्दा क्रमांक एक: अय्याजला मी शिकवलं नव्हतं. लिहिलं, वाचलं, फाडलं.

३१ मार्च, मंगळवार
सेंडऑफ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात पूनमला म्हणालो, माझ्याशिवाय पहिले काही दिवस अडेल, संकोच न करता फोन कर, दिवसातून कितीही वेळा. अय्याज सकाळी गॅरेजवर भेटला होता. विचारत होता, गुरुवारी येणार ना? म्हणालो, बघू.

१ एप्रिल, बुधवार
५:१०. उठलो. आंघोळ. फोन फुल चार्ज.
६:१०. बस गेली. ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला, मग वाढवला.
८:००. शिफ्ट सुरू झाली असेल. रेंज तपासली. आहे.
९:३०. हिच्या मोबाइलवरून स्वतःला फोन लावून पाहिला. वाजतो.
११:४०. पूनमचा फोन. ट्रेनिंग रूमच्या कपाटाची किल्ली कुठे असते? सांगितलं, खिडकीतल्या कुंडीखाली. विचारलं, आणखी काही अडचण? नवी बॅच? ऑडिटचे कागद? म्हणाली, नाही सर, बाकी सगळं झालंय, तुम्ही आराम करा.
संध्या. ६:००. आणखी फोन नाही.
६:१५. स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं, काही मदत करू का? लसूण सोलायला दिला. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, द्या इकडं, मीच करते.