दोन भाऊ, एकच अर्ज

९ जानेवारी १९७८, पोशीर
नकार आला. आखातातल्या शाळेचं पत्र. जाड गुळगुळीत कागद, मजकूर चार ओळींचा. माझी पदवी, पंधरा वर्षांचा अनुभव, सगळं 'उत्तम'. परंतु इंग्रजी शिकवायला त्यांना जन्माने इंग्रजी बोलणारेच हवेत, म्हणजे ब्रिटिश पासपोर्टवाले. चार ओळींत दोन ढोबळ चुका. लाल शाईने दुरुस्त केल्या आणि मग पत्र फाडलं.
शाळेत नववीवर राग काढला. कविता पाठ नव्हती. एकेकाला उभं करून हातावर पाच-पाच. एकाचं नख फुटलं. थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

१० जाने.
हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं. नख फुटलेल्याचा बाप येऊन गेला म्हणे. पुन्हा असं झालं तर वर कळवावं लागेल. कळवा म्हटलं. घरी येताना सायकलची चेन पडली, तर सायकललाच लाथा घातल्या. बांधावरची माणसं बघत होती. पाय सुजलाय.

१४ जाने.
संक्रांत. दादा खालापूरहून आला, नखांत ग्रीस, हातात तिळगुळाची पुडी. तिथे गॅरेजात ट्रक दुरुस्त करतो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला, लग्न नाही, कुणाशी वाकडं नाही.
जेवताना डोक्यात किडा वळवळायला लागला. बाबा नैरोबीला रेल्वेत सुतार होते. दादा तिथे जन्मला. मी पोटात असताना आईला बाळंतपणासाठी पोशीरला धाडलं. बोट चार महिने उशिरा सुटली असती तर मीही तिथलाच. पुढे दादा वयात आल्यावर परत तिकडे गेला, दहा वर्षं मोटारी उघडल्या आणि येताना ब्रिटिश पासपोर्ट घेऊन आला. इंग्रजी म्हणाल तर नट, बोल्ट, येस बॉस.
आई जाऊन सहा वर्षं झाली. आज तिच्यावर दातओठ खाल्ले. मेलेल्या आईवर.

१६ जाने.
दुसरा अर्ज टाकला, दादाच्या नावाने. मजकूर माझाच. फक्त पदवी : नाही. शिकवण्याचा अनुभव : नाही. नागरिकत्व : ब्रिटिश. खोटं एक अक्षर नाही. दादाला विचारलं होतं. हसला, टाक म्हणाला. मेस्त्रीला इंग्रजीचा मास्तर म्हणून घेतात का, बघूच. घेतलाच तर असं पत्र लिहीन की त्यांची लाज निघेल.

२१ फेब्रु.
घेतला.
मुलाखतसुद्धा नाही. 'आपल्यासारखी व्यक्ती आम्हाला लाभते आहे याचा आनंद वाटतो.' सोबत करारनामा, सही करून परत पाठवायचा. १० एप्रिलला हजर. आधी हसलो. मग हातातला तांब्या भिंतीवर फेकला. सौ. वाकली म्हणून वाचली. गिलाव्याचा पोपडा उडाला. ती खाली बसून माती भरत राहिली.

२६ फेब्रु., रविवार
दादाला पत्र दाखवलं. वाटलं होतं, दोघं मिळून हसू आणि ते कडक उत्तर लिहू. त्याने आधी साबणाने हात धुतले. मग ओळीवर बोट ठेवून वाचलं. दोनदा.
"मी जातो," म्हणाला.
मी म्हटलं, तू तिथे शिकवणार काय? कार्बोरेटर?
"तू शिकव ना मला. सहा हप्ते हायेत. आयुष्यात पयल्यांदा कुनी पत्र धाडून बोलावलंय रं मला."
सौ. आतून खुणा करत होती, नको म्हणून. मी हो म्हटलं. का म्हटलं?

१ मार्च
दादा गॅरेज सोडून आला. शाळेआधी दोन तास, शाळेनंतर दोन, ओटीवर. सवयीने रूळ घेऊन बसलो. तिसऱ्या चुकीला रूळ त्याच्या पोटरीवर बसला. दादाने पाय आवरून घेतला नाही. "मार," म्हणाला. "तुज्या हातचा मार खाल्लेली पोरं पास व्हत्यात, गाव सांगतं."
थोरल्या भावावर हात टाकला. बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगता येणार नाही.

५ मार्च
रोज मारतो. चुकीला मारतो आणि बरोबर आलं की जास्त जोरात. पोटऱ्या काळ्यानिळ्या. तो लेंगा खाली ओढून बसतो. विहिरीवर बायकांनी सौ.ला विचारलं, दादा लंगडतो का?

८ मार्च
आज सौ. मध्ये आली. रूळ तिच्या कानावर. रक्त आलं. पदर कानाला लावून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुमाला शिकवायचं नाय. तुमाला मारायचंय."
कानाने नीट ऐकू येतंय का, मी विचारलं. येतंय, म्हणाली.

११ मार्च
दादाने उलटून मारलं. मी म्हटलं होतं, बाबांनी तुला तिथेच टाकून यायला हवं होतं. उठला, मानगूट धरून गोठ्याच्या खांबावर तोंड आपटलं. एकदाच. पुढचा दात अर्धा गेला. नट पिळणारे हात, सोडवता येईनात. मग त्यानेच सोडलं, हळद आणली, माझी हनुवटी धरून ओठावर दाबली आणि रडायला लागला.
शाळेत सांगितलं, सायकलवरून पडलो. नववी हसली. एकालाही हात लावला नाही.

१५ मार्च
दादा शिकतोय, हे कबूल करायला हवं. वर्गात कसं उभं राहायचं, फळ्याकडे पाठ कशी ठेवायची, गोंधळ झाला की आवाज उलट कसा उतरवायचा. पोरांना सांगतो तसं त्याला सांगितलं आणि त्याने ते करून दाखवलं. माझ्यापेक्षा बरं. कुणी भिणार नाही त्याला. मला मत्सर वाटतो, सरळ सांगायचं तर जळतो मी.
आज रूळ आत ठेवला होता.

१८ मार्च
झालं ते लिहितो.
सकाळचा तास छान झाला. दादा खुशीत. चहा पिताना म्हणाला, "तितं बस्तान बसलं की तुज्यासाठी बोलीन मी. म्हनीन, माजा भाऊ हाय, हुशार हाय, माज्या हाताखाली घ्या."
मनापासून म्हणाला. तेच सोसलं नाही.
दाराचा अडसर हाताशी होता. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला. मनगटावर बसला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज. दुसऱ्या घावासाठी मी अडसर उचलला होता, तेही लिहायला हवं. सौ.ने अडसराला लटकून तो खाली आणला.
टेंपोतून कर्जतला दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "माळ्यावरनं पडलो," दादा म्हणाला. डॉक्टरांनी माझ्या दाताकडे पाहिलं, त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं आणि प्लास्टर घातलं. सहा आठवडे.
परत येताना म्हटलं, दादा, आता कसा जाणार तू?
"जानार. हात मोडलाय, पासपोर्ट नाय."

१९ मार्च
सौ. त्याला भरवते, माझं ताट झाकून ठेवते. लाज वाटते. राग मात्र आहे तिथेच आहे. पण दादावर नाही, हे आज कळलं. ज्यांच्यावर आहे ते समुद्रापलीकडे. तिथवर माझा हात पोचत नाही म्हणून जवळच्यांना मारत सुटलो. नववीची पोरं, दादा, हिचा कान.

२० मार्च
करारनामा तसाच राहिला होता. उद्याच्या टपालात पडला नाही तर जागा जाईल. सही पासपोर्टवरच्या सहीसारखी हुबेहूब हवी. दादाने रद्दी कागदावर डाव्या हाताने चार वेळा करून पाहिली. भलतंच काहीतरी उमटलं. मग करारनामा आणि पासपोर्ट माझ्यापुढे सरकवले.
"तूच कर."
म्हटलं, हा हात मी मोडलाय, दादा.
"म्हनूनच सांगतो. तुज्या मनात नसंल तर नको करू. मी खालापूरला जाईन परत, गॅरेजवाला नाय म्हननार नाय. पन मग तू मला अडवलंस, ह्ये तुला म्हाईत असंल."
सौ. दारात उभी होती.
दादाची सही सोपी आहे, तीन वळणं. रद्दी कागदावर केली, पहिल्याच वेळी जमली. दादाने बघितली, मान हलवली आणि ओटीवर जाऊन बसला. पासपोर्ट उघडाच आहे. सहीच्या वर त्याचा तरुणपणचा फोटो. मी त्या वयात अगदी असाच दिसायचो.
पेनात शाई भरली आहे. टपाल उद्या अकराला निघतं.