रेडिएटरचा पंखा आणि पुढचा गुरुवार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? टाके ओढतात का? (उत्तर वहिनीकडून लिहवून घे. तू नुसतं ‘ठीक’ लिहितोस आणि त्यावरून माणसाला काहीच कळत नाही.) इकडे आम्ही सगळे खुशाल. खुशाल नाही ती एकटी गाडी, आणि हा पत्रप्रपंच तिच्याच पायी.

पुढच्या गुरुवारी तुला हॉस्पिटलमधून घरी न्यायला येतो, असं मी वहिनीला कबूल केलंय ते विसरलेलो नाही. तुझा नवा गुडघा अजून नीट वाकत नाही, टॅक्सीत पाय लांब करता येत नाही, आणि माझ्या गाडीची पुढची सीट पार मागे सरकते, हे तिने फोनवर दोनदा समजावलं. मी पहिल्याच वेळी हो म्हणालो होतो. (तीन वर्षांत तिकडे येणं झालं नाही ते कामाच्या रगाड्यामुळे, हे तू जाणतोसच.) पण माणूस हो म्हणाला आणि गाडीच नाही म्हणाली, तर त्याने करायचं काय?

झालं असं की, रविवारी मी बॉनेट उघडून आणि इंजिन चालू ठेवून उगाच आत बघत होतो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. दुसऱ्याच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकं घातल्याशिवाय या गृहस्थांना अन्न पचत नाही. म्हणाले, तुमचा रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये. बघतो तर खरंच, पंखा ढिम्म! आणि तिकडे तापमानाचा काटा अर्ध्यावर येऊन टेकलेला. मी झटक्यात इंजिन बंद केलं. इंजिन तापलं की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, नाही झाला तर इंजिनाची राख, एवढं सांगून हेडमास्तर शांतपणे जेवायला गेले. मी जेवलो नाही. (एसी लावला की हा पंखा लगेच फिरतो म्हणे, पण आमचा एसी दोन उन्हाळ्यांपूर्वीच निवर्तला.)

मग मीच कंबर कसली. आधी सगळे फ्यूज काढून बॉनेटच्या कडेवर ओळीने मांडले. कोपर लागलं आणि ओळ विस्कटली. फ्यूज सगळे धडधाकट होते, फक्त परत बसवल्यावर एक उरला. तो कुठला हे अजून कळलेलं नाही, सध्या माझ्या शर्टाच्या खिशात आहे. मग रिले. रिले म्हणजे पंख्याला वीज सोडणारी काड्यापेटीएवढी डबी. हॉर्नचीही अगदी तशीच असते, म्हणून दोघांची अदलाबदल केली आणि पंख्याची डबी जिवंत आहे का ते बघायला हॉर्न दाबला. जिवंत होती. (त्यावेळी हेडमास्तरांचा नुकताच डोळा लागला होता. मोडली झोप तर मोडू दे, सुरुवात त्यांनीच केली.)

सोमवारी वायरमन आणला. त्याने बॅटरीतून दोन तारा थेट पंख्याला जोडल्या, तर पंखा असा भणाणला की शेजारी ठेवलेलं वर्तमानपत्र उडून भिंतीपलीकडे गेलं. म्हणजे पंखा ठणठणीत. मग पाणी तापल्याची बातमी पंख्याला पोचवणारा सेन्सर मेला असणार, असं ठरवून मंगळवारी नवा सेन्सर घातला. इंजिन सुरू केलं आणि काट्यावर डोळे रोवून बसलो. काटा अर्ध्यापर्यंत आला, केसभर पुढे गेला, तरी पंखा जागचा हलेना. इंजिन बंद. असं चार वेळा केलं. (प्रत्येक वेळी किती थांबलो ते विचारू नकोस. जीव टांगणीला लागल्यावर घड्याळ कोण बघतं?)

शेवटी हेडमास्तर म्हणाले, हीटर पूर्ण चालू ठेवून गाडी चालवा, इंजिनाची उष्णता आत येईल. त्याप्रमाणे भर दुपारी बायकोला घेऊन बाजारात गेलो. उष्णता आत आली. दुसऱ्या सिग्नलला ही पिशवी घेऊन उतरली आणि चालत माझ्याआधी घरी पोचली.

आता अशा भट्टीत तुला, ओल्या टाक्यांनिशी, तीन तास कसं बसवू? तेव्हा वहिनीला सांगून दुसऱ्या गाडीची सोय करावी. मला फार वाईट वाटतंय, पण नाइलाज आहे.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र टाकायला निघालो, तर हिने हट्टच धरला की आधी गाडी गॅरेजमध्ये दाखवा. मेकॅनिक म्हातारा आणि मितभाषी. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं आणि म्हणाला, आता फक्त बसून राहा. काटा अर्ध्यावर आला आणि माझा हात किल्लीकडे गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्या वेळी त्याने मला खाली उतरवून लांब जुन्या टायरांवर नेऊन बसवलं आणि स्टिअरिंगपुढे हिला. हिने पर्समधून शब्दकोडं काढलं. अठराव्या मिनिटाला पंखा आपणहून सुरू झाला, मिनिटभर फिरला, काटा खाली आला, पंखा थांबला. मग पुन्हा तसंच. दादा, गाडीत काहीएक बिघाड नव्हता! मेकॅनिक हात पुसत म्हणाला, “पंखा सुरू व्हायचाच असतो, साहेब. तुम्हीच त्याच्या आधी बंद करून टाकता.”

परतताना ही खिडकीबाहेर बघत होती. घर आल्यावर म्हणाली, “दादांकडेही तुम्ही तेच केलंत.”

ता. क. २. कामाचा रगाडा वगैरे खोटं आहे. माझ्या हातून एक काम धड तडीस जात नाही, असं त्या शेवटच्या भेटीत तू जेवणाच्या टेबलावर म्हणालास, आणि तुझं पुढचं वाक्य यायच्या आत मी बॅग उचलून गाडी सुरू केली होती. पाव तासाने तू चहाचे दोन कप घेऊन फाटकापाशी आला होतास, हे वहिनीने मला परवा सांगितलं. तीन वर्षं मला ते माहीत नव्हतं. वहिनीला हो म्हटल्यापासून मला झोप नाही. खरं सांगू? हेडमास्तर पंखा फिरत नाही म्हणाले ना, तेव्हा धास्तीबरोबरच मला थोडं बरंही वाटलं होतं.

वर दुसऱ्या गाडीचं लिहिलंय ते खोडून वाच. (पत्र पुन्हा लिहिण्याइतका धीर माझ्यात असता तर हे रामायण घडलंच नसतं.) गुरुवारी मीच येतोय. मला काय बोलायचं ते बोल, पण ते पुढचं वाक्यही बोल. मी थांबेन. माझा भरवसा वाटत नसेल तर किल्ली हिच्या पर्समध्ये असेल.

ता. क. ३. उरलेला फ्यूज रेडिओचा निघाला. तो मी मुद्दाम बसवलेला नाही. वाटेत तीन तास आहेत.