झाकण लावून गप्प बसण्याविषयी

ती. आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार (हातांना आंबट वास येतोय, माफ कर). तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला का? पत्राला सात महिने उशीर झाला, कबूल. चारदा लिहायला बसलो. एकदा शाई नव्हती, दोनदा मन नव्हतं, आणि चौथ्यांदा हातात घेतलेलं पेन बरणीचं झाकण उचकटायला कामी आलं. त्या बरणीचंच सांगायचंय.

बाबांची अट तुला माहीत आहेच: वर्षभर एका जागी टिकून एक तरी गोष्ट पुरी करून दाखव, नाहीतर मुकाट्याने आपल्या किराणा दुकानात येऊन बस. म्हटलं, वाइन करतो. वर्ष आपोआप जातं आणि काम द्राक्षंच करतात. ज्या म्हाताऱ्या बागवानाकडे मी द्राक्षं तोडायला होतो, त्याने काचेची मोठी बरणी दिली, कृती सांगितली आणि वर दम भरला, की एकदा झाकण लावलं की तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. ढुंकूनही! अगं, एवढीशी खोली, त्यात मी आणि ती. बघू कुठे?

सुरुवात काय झकास होती म्हणून सांगू! टबात उभं राहून द्राक्षं तुडवली, पोटऱ्यांपर्यंत जांभळा झालो. (त्याच पायांनी जिना उतरलो. घरमालकीणबाई अजून पायऱ्या घासतात आणि घासताना माझ्याकडे बघतात.) मग बरणी बोलायला लागली. बुडूक, बुडूक, दिवसभर उशाशी. सोबत वाटायची गं. थंडीत मात्र एकदम गप्प झाली. आता माणूस काळजी करणार की नाही? उघडून पाहिलं. ठीक होती. बरं वाटलं, म्हणून पुन्हा पाहिलं. वसंतात (मधे मला बासरी शिकायची होती, ते राहू दे) गाळ तळाशी बसला आणि रंग असा माणकासारखा खुलला, की वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला दाखवायला उघडली. उन्हाळ्यात पोस्टमनसाठी. त्याने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. म्हटलं, याला काय कळतंय!

परवा बागवान आला, त्याने बरणी हुंगली, आणि टोपी काढून खाली मान घालून उभा राहिला. मयताला राहतात तसा.

चार ऋतू मी गाव सोडलं नाही, आत्या. मी! आणि तरी सगळं नासलं.

तुझा,
टिकलेला भाचा

ता. क. बाबा पुढच्या रविवारी तपासणीला येतायत. तुमच्या कपाटातली लाल वाइन, लेबल भिजवून काढून, शिंप्याच्या पत्त्यावर पाठव. आतोबांना कळू देऊ नकोस.

ता. क. २ बाबा आलेत! आजच! जिन्यात घरमालकीणबाईंनी गाठलंय. पायऱ्यांबद्दल राग जावा म्हणून मी त्यांना बाटलीभर वाइन दिली होती. ती म्हणे त्या महिनाभर काकडीवर शिंपडून खातायत, आणि आता बाबांना चाखवतायत. बाबा खूश आहेत. असं व्हिनेगर त्यांनी जन्मात खाल्लं नाही म्हणे. दुकानामागच्या खोलीत अशा किती बरण्या मावतील, याचा विचार करत वर येतायत.

बाटली नको पाठवू. मला सोडवायला तूच ये.