पप्पांचा पाचवा सूर

न्यू ऑर्लिन्स, सातवा वॉर्ड
भस्म बुधवारानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप नॅनन ओडील यांस,

बाप्तिस्म्याच्या दिवशी तुमच्या हातात रडायला लागलेला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही न थांबलेला तुमचा धर्मपुत्र न्यूमा याचा कृतानेक नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? लॉस एंजेलिसच्या कोरड्या हवेत ते कुरकुरत नाहीत असं तुम्ही दर रविवारी फोनवर सांगता आणि मागून काकांचा हसण्याचा आवाज येतो, तेव्हा खरं काय ते कळवावे. इकडे घरातले सर्व, म्हणजे पप्पा, मी आणि गिटार, आहोत. पुढे 'खुशाल' लिहिणार होतो, पण उपवासकाळात खोटं लिहू नये.

तुमचे थोरले बंधू काही ऐकत नाहीत. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, नाताळ पाहिला तरी देवाची कृपा. पप्पांनी ते शांतपणे ऐकलं आणि जन्मभर गिलाव्याची कामं अंगावर घेतली तशी स्वतःची अंत्ययात्रा अंगावर घेतली. सर्व संतांच्या दिवशी मी आपल्या घराण्याच्या कबरीला चुना लावत होतो, तर हे समोर खुर्ची टाकून बसलेले ("अरे, त्या कोपऱ्यात नीट हात फिरव, तिथे माझं डोकं येणार आहे!"). बँड ठरला आहे. जाताना कोणती संथ स्तोत्रं, आणि कबरस्तानात निरोप दिल्यावर परत येताना कोणत्या चालीवर लोकांनी छत्र्या घेऊन नाचायचं, तेही ठरलं आहे. अंत्ययात्रेत छातीवर घालायचा त्यांच्या मंडळाचा पट्टा इस्त्री होऊन कपाटात आहे. जेवणाच्या गम्बोच्या रश्श्यात भेंडी घालायची नाही (तो वाद तुम्हाला माहीत आहेच). सगळं तयार आहे, फक्त मी तयार नाही. कारण दफनानंतर हॉलमध्ये माणसं जेवायला बसली की पप्पांनी रचलेली चाल पप्पांच्याच गिटारवर मी वाजवायची, आणि तीही त्यांच्या त्या पाच सुरांत. "तुला जमलेलं माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी हलणार नाही," असं त्यांनी फादरांच्या देखत सांगितलं. "माझ्या जेवणाला परका गिटारवाला? त्यापेक्षा मी जगतो!"

आता हे पाच सूर काय प्रकरण आहे ते सांगतो, म्हणजे माझी कीव येईल. पाच सूर मला चाळीस वर्षं येतात. ज्याच्या घरी गिटार आहे आणि ज्याची बायको सोडून गेली आहे अशा प्रत्येकाला ते येतात. पप्पांच्या पाचांपैकी चार अगदी तेच. पाचवा मात्र गिटारच्या दांडीवर नेहमीच्या जागेच्या एक घर अलीकडे, बोटभरही नाही, करंगळीच्या नखाएवढं अंतर! पण त्या एका घराने साधं रडगाणं एकदम कोट-टोपी घालून जॅझमध्ये जाऊन बसतं. आणि माझं बोट? चाळीस वर्षं ज्या दारात गेलं त्याच दारात जातं. म्हातारं गाढव नवी वाट धरत नाही. "पहिला थर कुणीही देतो," पप्पा म्हणतात, "दुसराही देतो. शेवटचा हात मारताना कळतं गवंडी कोण आणि थापी धरलेलं माकड कोण." मग डोळे मिटून ऐकतात, मी चुकतो, आणि ते डोळे न उघडताच म्हणतात, "माकड."

सराव म्हणून मी बोटांना दिवसभर कामाला लावलं, तिथून अब्रूचे धिंडवडे सुरू झाले. मिसेस ट्रेपान्येंच्या दिवाणखान्यात गिलावा करताना छताखालच्या ओल्या नक्षीवर नकळत पाच सूर वाजवले. चार खड्डे बरोबर, पाचवा चुकीच्या जागी. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. त्याहून वाईट चर्चमध्ये. प्रवचन चालू असताना मी डाव्या हाताची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर चालवत होतो, आणि पाचव्या सुराला बाक संपून विधवा फिलोमीनबाईंचा खांदा लागतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. असं मी तीन रविवार केलं. चौथ्या रविवारी बाई भरलेल्या वांग्यांचं भांडं घेऊन दारात. "न्यूमा, बोलायला एवढी वर्षं लावलीस रे!" पप्पांनी वांगी खाल्ली आणि म्हणाले, "हिला पाचवा सूर सापडला, तुला नाही."

शेवटी मिस क्लोटिल्डच्या बारमध्ये रविवारी दुपारी वादक जमतात तिथे गेलो. रीत तुम्हाला ठाऊक आहे, पाळी आली की बारा मात्रांचा एक फेर आपला. बरं वाजलं तर दुसरा फेर मिळतो, नाहीतर कुणीतरी न बोलता तुमची टोपी आणून देतं. मला टोपी सातव्या मात्रेला मिळाली, आणि ती आणून देणाऱ्या मिस क्लोटिल्ड मला म्हणाल्या, "बाळा, गिलावा फार छान करतोस हो तू."

आता सारा वॉर्ड माझ्याकडे संशयाने बघतो. बँडचे म्होरके रस्त्यात अडवून "जमलं का?" विचारतात. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळतो, त्यांनाही कळतो, मग दोघंही हवापाण्यावर बोलतो. नॅनन, मी पार हरलो आहे. धाकट्या बहिणीचं ते ऐकतील. तुम्हीच त्यांना समजवा की दुसरा कुणी चांगला गिटारवाला वाजवेल, हट्ट सोडा. माझ्या हातून हे या जन्मी होणे नाही.

काकांस नमस्कार. मुलांस आशीर्वाद.

आपला नालायक धर्मपुत्र,
न्यूमा

ता. क. पप्पा सांगतात की 'नालायक'च्या खाली रेघ मार. मारली आहे.

आणखी एक ता. क. हे पोस्टातल्या काउंटरवर, दोरीने बांधलेल्या पेनाने लिहितो आहे. पप्पांना हल्ली अक्षर दिसत नाही, म्हणून घरातून जाणारं प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवावं लागतं. वरचं सगळं त्यांनी ऐकून पास केलं आहे. हे केलेलं नाही.

नॅनन, मला ते जमलं. जानेवारीत, तीन राजांच्या सणाच्या दुपारी मागच्या शेडमध्ये, चुन्याच्या पिंपावर बसून, बोट आपणहून एक घर अलीकडे पडलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा पडलं. पूर्ण चाल वाजली, आणि इतकी सुंदर आहे हो ती! मी गिटार उचलून धावत पप्पांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. जमलेलं ऐकल्याशिवाय हलणार नाही, असं ते म्हणाले होते ना.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्यासमोर बसतो आणि रोज चुकतो. बारमध्येही मुद्दाम चुकलो, कारण त्या बारमधली बातमी माझ्याआधी घरी पोचते. आता मुद्दाम चुकणं फार कठीण झालं आहे, बोट योग्य जागीच जायला बघतं. म्हणून वर जे मागितलं ते मुळीच करू नका. रविवारी फोन कराल तेव्हा मला चांगल्या शिव्या घाला, न्यूमाला अजून दोन वर्षं तरी लागतील म्हणावं, आणि दुसऱ्या गिटारवाल्याला तुमची सक्त मनाई आहे म्हणावं.

त्यांना संशय आला आहे की काय, कळत नाही. काल मी चुकलो तेव्हा ते पहिल्यांदाच 'माकड' म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "असू दे. उद्या बघू." आणि सोमवारचा राजमा-भात दुसऱ्यांदा मागून खाल्ला.